लोणच्यातला ओला चमचा आणि बर्फाखालचं तळं

मंगळावरच्या एका खडकावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके दिसले. नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीने जुलै २०२४ मध्ये त्या खडकाला भोक पाडून नमुना घेतला. सप्टेंबर २०२५ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, की हे ठिपके फार प्राचीन जिवाणूंनी केलेले असू शकतात. ‘असू शकतात’ हे शब्द मथळ्यांतून नेहमीप्रमाणे गळाले. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर बातमी फिरली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एकच ओळ टाकली: “अहो, पण ते जंतू आपल्याच गाडीला चिकटून गेलेले नसतील कशावरून?”

दोन हसरे चेहरे आले आणि विषय पाण्याच्या टाकीकडे वळला. पण काकांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. त्या ठिपक्यांपुरतं उत्तर सोपं आहे. ते ठिपके म्हणजे खडकाच्या पोटात अब्जावधी वर्षांपूर्वी तयार झालेली खनिजं आहेत, २०२१ मध्ये पोचलेल्या गाडीला ते करता येणार नाहीत. मात्र जिथे खडकातले डाग नाहीत तर प्रत्यक्ष जिवंत पेशी किंवा डीएनए शोधायचा असतो, तिथे हाच प्रश्न शास्त्रज्ञांना साठ वर्षं छळतो आहे. आणि त्याचा सगळ्यात बोलका किस्सा मंगळावरचा नाही, अंटार्क्टिकाचा आहे.

आधी लोणच्याची बरणी

लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला म्हणून बोलणी खाल्ली नाहीत असं मराठी घरातलं माणूस विरळाच. चमच्यावर काय दिसत असतं? काही नाही. पण आठवड्याभराने बरणीत पांढरी बुरशी धरते.

सूक्ष्मजीव म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे जीव. जिवाणू, यीस्ट, बुरशीचे कण हे सगळे त्यात आले. माणसाच्या अंगावर आणि पोटात मिळून ते सुमारे ३८ लाख कोटी असतात, म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशींच्या तोडीस तोड. शिवाय आपण ते सतत सांडत असतो. येल विद्यापीठाने २०१२ साली एका वर्गखोलीत मोजणी केली. एक माणूस खोलीत असल्याने दर तासाला हवेत सुमारे ३.७ कोटी जिवाणूंच्या डीएनएची भर पडते, असं निघालं. त्यातले बरेच त्याच्या चालण्याने जमिनीवरून उडालेले, बाकीचे त्याच्या अंगावरचे. थोडक्यात, माणूस हाच चालता-बोलता ओला चमचा.

आपल्या घरात, बसमध्ये, बाजारात याने काही बिघडत नाही, कारण तिथे आधीच सगळ्यांचं सगळं मिसळलेलं आहे. प्रश्न येतो तो ज्या बरणीत आजवर कोणीच चमचा घातलेला नाही, तिथे.

व्होस्टोक: कोणीही न उघडलेली बरणी

अंटार्क्टिकाच्या पूर्व भागात व्होस्टोक नावाचं ठाणं आहे. सोव्हिएत संघाने १९५७ मध्ये उभारलेलं. २१ जुलै १९८३ रोजी तिथे उणे ८९.२ अंश सेल्सियस तापमान नोंदवलं गेलं. जमिनीवरच्या केंद्रात मोजलेला तो आजवरचा नीचांक.

या ठाण्याखाली पावणेचार किलोमीटर जाडीचा बर्फ आहे. दोन कळसूबाई एकावर एक ठेवले तरी वर पावणेपाचशे मीटर बर्फ उरेल, इतका. आणि त्याखाली चक्क पाणी आहे. सुमारे २५० किलोमीटर लांब आणि ५० किलोमीटर रुंद तळं. पुण्याहून निघालात तर कोल्हापूर ओलांडल्यावर त्याचा दुसरा काठ येईल. वरच्या बर्फाच्या दाबामुळे आणि खालून येणाऱ्या पृथ्वीच्या उष्णतेमुळे ते गोठत नाही. बाहेरच्या हवेपासून ते सुमारे दीड कोटी वर्षं तुटलेलं असावं, असा अंदाज आहे. उजेड नाही, मोकळी हवा नाही, वरून पडणारं अन्न नाही. तिथे जीव असेल तर कसा असेल, हा प्रश्न कोणालाही भुरळ घालेल. गुरूच्या युरोपा या चंद्रावरही बर्फाखाली समुद्र असावा, म्हणून तर जास्तच.

आता गंमत बघा. या बरणीत चमचा गेला तो बरणी आहे हे नीट कळायच्या आधीच.

रॉकेल कुठून आलं?

रशियन लोक तिथे बोअर मारत होते ते तळ्यासाठी नव्हे. जुन्या बर्फात जुन्या काळची हवा बुडबुड्यांच्या रूपात अडकलेली असते, ती काढून पूर्वीचं हवामान अभ्यासायचं होतं. त्या बर्फातून सव्वाचार लाख वर्षांच्या हवामानाचा आलेख निघाला. आज तापमानवाढीबद्दल आपण जे ठामपणे बोलतो, त्याचा एक पाया तो आहे.

पण बर्फात खोल भोक पाडलं, की ते आपोआप मिटायला लागतं. चारी बाजूंनी बर्फाचा दाब असतो, ओल्या वाळूत मुलं खड्डा करतात तसं. म्हणून भोकात न गोठणारा द्रव भरून ठेवावा लागतो. व्होस्टोकला तो द्रव होता रॉकेल. रेशनच्या दुकानाबाहेर डबा घेऊन ज्यासाठी रांग लावायची, तेच. नुसतं रॉकेल बर्फापेक्षा हलकं, म्हणून त्यात वजनाला फ्रिऑन हे जड रसायन मिसळलेलं. सगळा मिळून साठ टनांच्या आसपास.

या बोअरचं काम १९९० मध्ये सुरू झालं. खाली एवढं मोठं तळं आहे हे निर्विवादपणे छापून आलं १९९६ मध्ये. त्यामुळे कोणाच्या निष्काळजीपणाची गोष्ट म्हणून हे सांगितलं जातं ते मला पटत नाही. १९९८ मध्ये ३,६२३ मीटरवर, तळ्याच्या सव्वाशे-दीडशे मीटर वर, काम थांबवण्यात आलं. पुढे जायचं तर तळ्यात रॉकेल जाणार, यावर जगभर वाद झाला आणि कित्येक वर्षं ड्रिल तिथेच थबकलं.

रशियनांनी काढलेली तोड हुशारीची होती. भोकातल्या द्रवाचा दाब तळ्याच्या दाबापेक्षा कमी ठेवायचा. मग छेद पडताक्षणी रॉकेल खाली जाणार नाही, उलट तळ्याचं पाणीच उसळून वर येईल, रॉकेलला वर ढकलेल आणि गोठून बूच बसेल. पुढच्या वर्षी ते गोठलेलं बूच कापून आणायचं. म्हणजे तळ्याला हात न लावता तळ्याचं पाणी हातात.

५ फेब्रुवारी २०१२ रोजी ३,७६९ मीटर खोलीवर ड्रिल तळ्याला पोचलं. पाणी खरंच उसळलं, अपेक्षेपेक्षा बरंच वर चढलं. आणि चढता चढता त्याच रॉकेलमध्ये घुसळून निघालं.

मग सापडलं काय?

मार्च २०१३ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेतून बातमी आली: कोणत्याही ज्ञात गटात न बसणारा नवा जिवाणू! काही दिवसांतच त्याच संस्थेतल्या दुसऱ्या वरिष्ठ शास्त्रज्ञांनी सांगितलं, की ती बाहेरून आलेली भेसळ दिसते. मग पहिल्या गटाने खुलासा केला, की बाकीचे वगळले तरी एक जिवाणू अजून अनोळखीच उरतो. हा घोळ आजही पुरता सुटलेला नाही.

त्याआधीही तेच. तळ्याचं पाणी वरच्या बर्फाच्या तळाला चिकटून गोठत असतं, त्यामुळे बोअरच्या शेवटच्या दोनशेहून अधिक मीटरमधला बर्फ म्हणजे मुळात तळ्याचंच पाणी. १९९९ पासून अनेकांनी तो तपासला. एका गटाला एका मिलिलिटरमध्ये हजारो पेशी दिसल्या, दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही. एका गटाला तर गरम पाण्याच्या झऱ्यात राहणारा जिवाणू मिळाला. बर्फाखालच्या तळ्यात गरम झऱ्यातला पाहुणा! तळाशी भेगांतून गरम पाणी झिरपत असेल, असं त्यांचं म्हणणं. प्रयोगशाळेतूनच शिरला असेल, असं इतरांचं. खुद्द बोअरमधल्या रॉकेलमध्येही जिवाणू निघाले, त्यातले काही तर रॉकेलवरच पोसले जाणारे.

पंगतीत पाचशे माणसं जेवत असतील तर एक आगंतुक बसून गेला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, हिशेबातही फरक पडत नाही. पण ज्या घरात दोनच माणसं राहतात तिथे चार अनोळखी माणसं दिसली, तर घर नक्की कोणाचं हेच कळेनासं होतं. जिथे मुळात जीव फार थोडे, तिथे थोडीशी भेसळही सगळं उत्तर बदलून टाकते. डीएनए वेगळा काढायला जी रसायनं बाटल्यांतून विकत मिळतात, त्यांतसुद्धा जिवाणूंचा थोडा डीएनए असतोच. बागेतली माती तपासताना तो जाणवत नाही. व्होस्टोकचा बर्फ तपासताना तो मुख्य पाहुणा होऊन बसतो.

म्हणून या सगळ्या प्रकरणात तळ्याला किती इजा झाली यापेक्षा मला मोठं वाटतं ते दुसरंच नुकसान: आपल्याच पावलाचा ठसा पाहून ‘इथे कोणीतरी राहतं’ असं वाटायची वेळ येणं, आणि ते खोडून काढायला हातात काही नसणं.

हे टाळता आलं असतं का?

बऱ्याच अंशी, हो. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकन चमू अंटार्क्टिकातल्याच व्हिलन्स तळ्यात उतरला. त्यांनी रॉकेल वापरलंच नाही, गरम पाण्याच्या झोताने बर्फ वितळवत ८०० मीटर खाली गेले. ते पाणी बर्फ वितळवूनच केलेलं. आधी अतिशय बारीक गाळणीतून काढलेलं, मग अतिनील किरणांखालून नेलेलं, मग ९० अंशांपर्यंत तापवलेलं. उपकरणं हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसलेली. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, बोअरमध्ये सोडण्याआधीच्या त्या पाण्यातले जिवाणूही त्यांनी मोजून ठेवले. तळ्याच्या पाण्यात एका मिलिलिटरला सुमारे १ लाख ३० हजार पेशी निघाल्या, बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे ‘हे तळ्यातलेच’ असं छातीठोकपणे म्हणता आलं.

तुलना करताना एक मान्य करायला हवं. व्हिलन्सचं तळं जेमतेम दोन मीटर खोल आणि बर्फही पाचपट पातळ. व्होस्टोकच्या खोलीपर्यंत गरम पाणी पोचवायचं तर इंधन आणि यंत्रं यांचा डोंगर लागेल.

“पण एवढ्या थंडीत जंतू मरतच असतील की!”

ही शंका हमखास येते. थंडी सगळ्यांना मारत नाही, बऱ्याच जणांना नुसती थांबवते. विरजण लावलेलं दूध फ्रिजमध्ये ठेवलं तर दही लागत नाही, पण बाहेर काढलं की लागतं. प्रयोगशाळांत जिवाणू वर्षानुवर्षं टिकवायचे तर ते अनेकदा उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवतात.

एव्हरेस्टवर याचा पुरावा मिळाला. शिखराकडे जाणाऱ्या गिर्यारोहकांचा शेवटचा मुक्काम असतो साउथ कोलला, सुमारे ७,९०० मीटरवर. आपल्याकडचेही कितीतरी गिर्यारोहक तिथे खोकत, शिंकत रात्र काढून गेले आहेत. तिथून जवळच, २०१९ मध्ये घेतलेल्या मातीत कोलोराडो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना माणसाच्या त्वचेवर, नाकात आणि तोंडात राहणाऱ्या जिवाणूंच्या जातकुळीतले जिवाणू मिळाले. निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ते तिथे वाढत नव्हते, गारठून पडून होते. कोणाची तरी शिंक डीप फ्रीझरमध्ये जपून ठेवलेली.

“वारा आणि पक्षीही जंतू नेतात, मग माणसावरच राग का?”

नेतात, खरं आहे. २०२३-२४ मध्ये बर्ड फ्लूचा विषाणू दक्षिण जॉर्जिया बेटावर आणि मग अंटार्क्टिकाच्या द्वीपकल्पावर पोचला, तो पक्ष्यांमार्फत. वाऱ्याबरोबर धुळीतून जिवाणू तर कायमच जातात. पण पावणेचार किलोमीटर बर्फाखाली वारा पोचत नाही, बोअर पोचतो. आणि वाऱ्याला जहाजातून कोंबड्या न्यायच्या नसतात. अंटार्क्टिका जपण्यासाठी झालेल्या १९९१ च्या माद्रिद करारात जिवंत कोंबड्यांना बंदी आहे, निर्जंतुक न केलेली माती नेणं शक्य तितकं टाळायचं आहे, आणि सुरुवातीच्या मोहिमांचे लाडके स्लेजचे कुत्रेसुद्धा एप्रिल १९९४ पर्यंत परत आणावे लागले.

हा कायदा आपल्याही दारातला आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली, आणि मैत्री व भारती या ठाण्यांचा कारभार पाहणारं ध्रुवीय संशोधन केंद्र वास्कोलाच आहे. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी मैत्री ज्या शिर्माखर टापूत आहे तिथल्या मातीतून एक नवा जिवाणू शोधून १९९२ मध्ये त्याला अंटार्क्टिकाचंच नाव दिलं. २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिका कायद्यात तर बाहेरचे प्राणी-वनस्पतींच्या जोडीने सूक्ष्मजीव नेण्यावरही बंदी स्पष्ट लिहिली आहे. अर्थात अंगावरचे ३८ लाख कोटी सोडून!

आता मंगळाकडे

१९६७ च्या अंतराळ कराराच्या नवव्या कलमात इतर ग्रह-उपग्रह दूषित करू नका, असं बजावलं आहे. त्यावरून यानांसाठी नियम बेतले गेले. मंगळावर उतरणाऱ्या यानाच्या पृष्ठभागावर एकूण ३ लाखांपेक्षा जास्त बीजाणू नकोत. बीजाणू म्हणजे संकटात जिवाणूने धारण केलेलं कवचबंद रूप. पेरणीची वाट पाहत कणगीत पडलेल्या बियाण्यासारखं, मारायला सगळ्यात अवघड.

१९७६ मध्ये उतरलेल्या दोन व्हायकिंग यानांना उड्डाणाआधी अक्षरशः भट्टीत घातलं होतं, सुमारे ११२ अंश सेल्सियसच्या कोरड्या उष्णतेत, तीस तासांच्या आसपास. आजच्या नाजूक इलेक्ट्रॉनिक्सला ते सोसत नाही, म्हणून भाग सुटे सुटे साफ करून क्लीनरूममध्ये जोडतात. क्लीनरूम म्हणजे गाळलेल्या हवेची खोली, जिथे माणूस डोळ्यांपुरता उघडा असतो.

इथे एक खोच आहे. अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडला तर चिवट जंतू मागे उरतात, तसं या खोल्यांतही होतं. सतत पुसून, वाळवून, उपाशी ठेवून जे उरतात ते अस्सल काटक. २०१३ मध्ये एका नव्या जिवाणूची नोंद झाली. तो तोवर दोनच ठिकाणी सापडला होता: फ्लोरिडातल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानाच्या क्लीनरूममध्ये. म्हणजे मंगळाला जाण्यासाठी चाळणी परीक्षा आपणच घेतो आणि पास झालेल्यांना यानात बसवतो.

हे काटक तिकडे जगतील का? उघड्यावर पडले तर बहुतेक नाही, मंगळावरचा अतिनील प्रकाश निर्दय आहे. पण आडोसा मिळाला तर गोष्ट वेगळी. अवकाशस्थानकाबाहेर टांगलेल्या जपानी प्रयोगात एका जातीच्या जिवाणूंचे जाड थर तीन वर्षं टिकले. वरचे मेले, त्यांच्या सावलीत खालचे वाचले. म्हणूनच इंधन संपत आलं तेव्हा गॅलिलिओ यान २००३ मध्ये गुरूत आणि कॅसिनी २०१७ मध्ये शनीत मुद्दाम लोटून दिलं. भरकटून ते बर्फाखाली समुद्र असलेल्या एखाद्या चंद्रावर आदळू नये, म्हणून.

“उल्कांनी पृथ्वीचे जंतू कधीच नेले असतील”

शक्य आहे. मंगळाचे दगड पृथ्वीवर पडलेले आहेतच, उलटाही प्रवास झाला असेल. पण मग तर जास्तच जपायला हवं. मंगळावरचा जीव आपल्या जिवाणूंचा अब्जावधी वर्षांपूर्वी दुरावलेला चुलत भाऊ निघाला, तर तो आणि परवा गाडीच्या चाकावरून उतरलेला सख्खा भाऊ यांत फरक कसा करायचा?

चंद्राचा धडा इथे कामाचा आहे. १९६७ मध्ये उतरलेल्या सर्व्हेयर-३ चा कॅमेरा अपोलो-१२ च्या अंतराळवीरांनी नोव्हेंबर १९६९ मध्ये परत आणला. त्यात माणसाच्या तोंडात राहणारा एक जिवाणू जिवंत सापडला. अडीच वर्षं चंद्रावर जगला म्हणून तो पुस्तकांत गेला. पुढे चाळीसेक वर्षांनी नासाच्याच मंडळींनी तपासणीची जुनी चित्रफीत आणि कागद काढून पाहिले. तपासणाऱ्यांचे हात कोपरापासून उघडे, स्वच्छतेचे नियम ढिले. तो जिवाणू चंद्रावर गेलाच नसावा, कॅमेरा परत आल्यावर पृथ्वीवरच चिकटला असावा, असा त्यांचा निष्कर्ष.

“माणूस गेल्यावर सगळं मुसळ केरातच ना?”

ही शंका सगळ्यात अवघड, आणि तिला मी पुरतं उत्तर देऊ शकत नाही. माणसाला भट्टीत घालता येत नाही. त्याचा सूट थोडा तरी गळणार, त्याचा मैला कुठेतरी साठणार. त्यामुळे काही शास्त्रज्ञ म्हणतात, माणूस उतरण्याआधी यंत्रांकडून जेवढं तपासून होईल तेवढं तपासून घ्या. काही म्हणतात, पाणी असू शकेल अशा जागा राखीव ठेवा आणि माणसांना दूर उतरवा. मला पहिलं म्हणणं जास्त पटतं, कारण मंगळावर धुळीची वादळं होतात आणि ती राखीव जागेची पाटी वाचत नाहीत.

पण शून्य भेसळ जमत नाही म्हणून हात टेकायचे नसतात, हे व्हिलन्सवाल्यांनी दाखवलंय. आपली घाण किती आणि कोणती हे आधी मोजून ठेवलं, तर ती वजा करता येते. वाण्याने रिकाम्या डब्याचं वजन आधी करावं तसं. पर्सिव्हिअरन्सवर नमुन्यांसाठी ४३ नळ्या आहेत. त्यातल्या पाच मुद्दाम खडकाविना. त्यांना ‘साक्षीदार’ नळ्या म्हणतात. त्या मंगळावर उघडतात, आसपास गाडीतून काय काय उडतंय ते त्यांत चिकटू देतात आणि खडक न भरताच बंद करतात. कधी नमुने पृथ्वीवर आले, तर खडकाच्या नळीत आणि साक्षीदार नळीत एकच गोष्ट सापडली की समजायचं, ही आपली.

२०२३ च्या जानेवारीअखेरपर्यंत गाडीने दहा नळ्यांचा एक राखीव साठा मंगळाच्या जमिनीवर मांडून ठेवला. त्यातली एक साक्षीदार आहे. काकांना मी हे ग्रुपवर लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं: “म्हणजे एवढ्या लांब नेऊन रिकामी बाटली ठेवून आले?”

हो काका, झाकण लावून.